तात्यांच्या दाढेतली चौथी वाट

दात काढून झाला की माणूस आधी काय करतो, हे मी तीस-बत्तीस वर्षं पाहत आले आहे. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा ओठ बधिर, डोळ्यांत पाणी, आणि तरी हात पुढे येतो. "बघू," असं तो बोबड्या आवाजात म्हणतो. मग दात तळहातावर घेऊन उलटासुलटा करतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "एवढा मोठा व्हता व्हय?" त्याचं खरंच असतं. आरशात दिसतो तो दाताचा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचा हिरडीखाली हाडात रुतलेला. आयुष्यभर तोंडात वागवलेल्या वस्तूची आणि माणसाची धड ओळख होते ती अशी, निरोपाच्या वेळी.

मला वेड दाताच्या आत काय असतं याचं. बारामतीत माझा दवाखाना, आणि आठवड्यातून एक दिवस भवानीनगरला भाड्याच्या खोलीत टाकलेली एक खुर्ची. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तिथे दाढा मोडलेली माणसं येत, कारण ऊस दातानं सोलून खाल्ला नाही तर तो खाल्लाच नाही, असं या भागात मानतात. रागवायचं कसं? मीही याच भागातली. इतकी तोंडं पाहिली, पण दाढेचं वरचं कवच उघडून आत डोकावताना अजूनही परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखं वाटतं. काय विचारलं असेल यात?

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. दात म्हणजे भरीव दगड नव्हे. आत पोकळी असते आणि पोकळीत जिवंत गाभा असतो, रक्ताचा, नसांचा, मऊ. वरच्या भागात त्याची लहानशी खोली असते, आणि खोलीच्या तळातून प्रत्येक मुळात बारीक वाटा उतरतात. मुळाच्या टोकाशी दिसेल न दिसेल असं छिद्र. तिथून दाताला रक्त मिळतं. कीड खोलीपर्यंत पोचली की गाभा सुजतो, पण सुजायला जागाच नसते, चहूबाजूंनी भिंती कडक. म्हणून तो ठणका असा, की भल्याभल्यांनी माझ्या खुर्चीत आईचं नाव घेतलं आहे. रूट कॅनॉल म्हणजे ही खोली उघडायची, प्रत्येक वाट शोधायची, टोकापर्यंत साफ करायची आणि रबरासारख्या गुलाबी पदार्थानं गच्च बंद करायची. यातला 'प्रत्येक' हा शब्द ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

वाटा किती, हे दात बाहेरून सांगत नाही. वरचा पुढचा दात सरळमार्गी, एक मूळ आणि एक वाट. खालचे पुढचे दात एवढेसे, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढे वाटतात, आणि पुष्कळदा त्यांच्यात एकामागे एक दोन वाटा लपलेल्या असतात. खालच्या उपदाढा दिसायला गरीब, आतून लबाड. वरून एक वाट निघते आणि अर्ध्यावर तिचे दोन फाटे होतात. खालच्या दुसऱ्या दाढेत कधीकधी वाटा वेगळ्या नसतातच, चंद्रकोरीसारखी एक सलग फट असते. एमआयडीसीतला एक कामगार हिरडी सुजली म्हणून आला होता. दात वरून ठणठणीत, कीड नाही, मार नाही. फोटो काढला तर दाताच्या पोटात दुसरा इवलासा दात, घडी घातल्यासारखा आत वळलेला. त्याला फोटो दाखवला. तो हेल्मेट मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, जुळं हाय का?" जन्माला यायच्या आधीच दाताची घडी चुकली होती, एवढंच. मी घरी गेले तरी तोच फोटो डोळ्यांपुढे.

वय झालं की हा गाभा आक्रसतो. भिंती आतून जाड होत जातात, वाटा बारीक होतात. कोवळ्या पोरांच्या मुळाचं टोक उघडंच असतं, आणि म्हाताऱ्यांच्या दाढेत वाट शोधताना माझी मान मोडून येते. हे काम डोळ्यांचं कमी आणि बोटांचं जास्त. केसासारखी बारीक कानस दोन बोटांत धरून खाली सोडायची. ती अडते आहे की चिकटते आहे, यातला फरक बोटाला कळावा लागतो. अडली तर भिंत आहे. चिकटली तर वाट आहे.

इंदापूरकडची एक बाई आली होती, तिने काडेपेटीतून किडे आणले होते. दाढेतले. गावात एक माणूस रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धूर देतो, आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या थाळीत किडे पडतात. बाईनं तीन जपून आणले होते, मला पुरावा म्हणून. मला हसू आलं नाही, मला ते बघायचे होते. भिंग लावून पाहिलं तर ते बियांमधले कोंब, उष्णतेनं बी फुटून बाहेर उडालेले. पांढरे, वळलेले, हुबेहूब अळ्या. मी समजावलं, तिने नंदीबैलासारखी मान हलवली, आणि दुखतंय म्हणून अखेर खुर्चीत बसली. मी दाढ उघडली, काटेरी तार आत घालून फिरवली आणि गाभा ओढून काढला. तो निघतो एका तुकड्यात, फिकट गुलाबी, दोऱ्यासारखा, टोकाला निमुळता. बाईनं तो माझ्या चिमट्यात पाहिला आणि ताडकन उठून बसली. "निघाला का न्हाय किडा! आन तुमी म्हनता नसतोय!"

माझी मदतनीस शालन तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. ही शालन पंचवीस वर्षं माझ्याबरोबर आहे. दवाखान्यात माझ्याशी वाद घालायचा अधिकार तिने स्वतःच घेतलेला आहे, आणि खरं सांगायचं तर पुढच्या गोष्टीत माझी लाज राखली असेल तर तिनेच.

तात्या पाटकरी होते. म्हणजे पाटबंधारे खात्यात कालव्याच्या चाऱ्यांवर पाणी सोडायला नेमलेला माणूस. पाळी कोणाची, दार किती उघडायचं, शेवटच्या रानापर्यंत पाणी पोचलं की नाही, हे सगळं त्यांच्याकडे. नरसिंहपूरच्या अलीकडचं त्यांचं गाव. निवृत्त झाले तेव्हा भवानीनगरला मुलाकडे राहायला आले, मुलगा रावसाहेब तिथे कारखान्यात नोकरीला. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. उंच, पाठीत थोडे वाकलेले, आणि त्या वयात तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. मी मोजले. अक्कलदाढांसकट. अशी बत्तिशी मी फार थोड्यांची पाहिली आहे.

त्यांची वरची डावी पहिली मोठी दाढ किडली होती. या दाढेला तीन मुळं. मी तीन वाटा शोधल्या, तीन बैठकांत साफ केल्या, भरल्या आणि फोटो काढला. तीन शुभ्र रेघा, टोकापर्यंत अशा सुंदर उतरलेल्या, की मी तो फोटो दोन दिवस टेबलावरून हलवला नाही.

पंधरवड्यानं तात्या हजर. "डॉक्टरीणबाई, गरम च्या पिला की आत कोन तरी जागं होतंय."

"तात्या, आत आता कोणी नाहीच. नस काढली ना सगळी."

"मग जागं कोन होतंय?"

मी पुन्हा फोटो काढला. तीन रेघा जागच्या जागी. मी गोळ्या दिल्या. महिन्यानं ते पुन्हा आले, मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मला समजावून सांगितलं. "बाई, मी चाळीस वर्सं चारीवर काढली. समदी दारं बंद केल्यावर बी शेवटच्या रानात वल दिसली, तर आमी रानाला खोटं म्हनत न्हाय. वर कुठं तरी एक फाटा न सापडलेला अस्तोय. बघा जरा."

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "तात्या, ही दाढ आहे, तुमची चारी नाही. तुमच्या मनानं घेतलंय."

त्यांनी गालावरून हात फिरवला. म्हणाले, "मग काढूनच टाका. माझ्यानं सोसवत न्हाय."

मी काढली. रागानंच काढली. एवढं चांगलं काम माझ्याच हातानं उपटावं लागत होतं त्याचा राग. तात्यांनी कापूस चावत हात पुढे केला, सगळे करतात तसा. पण त्यांना नुसती बघायची नव्हती. दाढ घरी न्यायची होती. त्यांच्या घरात रीत होती, पडलेला दात फेकायचा नाही. थोरल्या माणसांचे दात एका चंचीत राहायचे आणि माणूस गेलं की अस्थींबरोबर नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमात जायचे. "आय म्हनायची, आलास तसा पुरा जा," तात्या म्हणाले. "द्या माझी दाढ."

आणि मी म्हणाले, "अहो तात्या, ती गेली कचऱ्यात."

दाढ माझ्या ॲप्रनच्या खिशात होती.

असं मी का केलं? हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे. त्या काळात मी दात पारदर्शक करायला शिकले होते आणि मला त्याची चटक लागली होती; लोकांचे काढलेले दात त्यासाठी एका बरणीत साठवायचे. आधी दात आतून धुऊन त्यात शाई ओढायची. मग तो सौम्य आम्लात ठेवायचा, रोज आम्ल बदलायचं. काही दिवसांनी त्यातला चुना निघून जातो आणि दात रबरासारखा लवचिक होतो, चक्क वाकतो. मग स्पिरिटमध्ये, आणि शेवटी दुखऱ्या पायाला लावायच्या मलमाचा वास असलेल्या एका तेलात. तास-दोन तासांत समोर बघता बघता पांढरा दात काचेसारखा आरपार होतो आणि आतल्या वाटा शाईनं रंगलेल्या दिसतात. पहिल्यांदा केलं तेव्हा शालन दारातूनच ओरडली होती, "मॅडम, कुनाचा पाय मुरगाळला?" तात्यांची दाढ मला हवी होती, आत बघायला. मागितली असती तर त्यांनी दिली नसती. म्हणून चोरली. दुसरा शब्द नाही.

आठ-नऊ दिवसांनी दाढ काचेची झाली. बाटली खिडकीपाशी धरली. माझ्या तीन वाटा गुलाबी दिसत होत्या, छान भरलेल्या. आणि पुढच्या मुळात, माझ्या गुलाबी रेघेच्या अगदी मागे, एक निळी रेघ. चौथी वाट. शाई तिच्यात गेली होती कारण ती रिकामी होती. केसाएवढी, वळणाची, आणि खाली टोकाच्या अलीकडे पहिलीला जाऊन मिळालेली. फोटोत ती का दिसली नाही हेही लगेच कळलं. फोटो म्हणजे सावली. एकामागे एक उभ्या राहिलेल्या दोन माणसांची सावली एकच पडते.

वर आणखी लाज अशी की या दाढेला बहुतेकदा चौथी वाट असते हे मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं. पण पुस्तकातली दाढ वेगळी, आणि दुपारच्या गर्दीत तीन सापडल्यावर "झालं" म्हणून सुस्कारा टाकणारी मी वेगळी. तात्यांना सगळं बरोबर कळलं होतं. आत खरंच कोणीतरी जागं होत होतं.

शालननं बाटली पाहिली. "तात्यांची हाय ना ही?" मी मान हलवली. "मग सांगनार कवा?"

"बघू," मी म्हणाले.

ते 'बघू' दहा-बारा वर्षं चाललं. त्यातली काही वर्षं मी चांगली वापरली हेही सांगते, नाहीतर माझ्यावरच अन्याय होईल. मी दुर्बिणीचा चष्मा घेतला, डोक्यावर दिवा बांधला, फोटो सरळ न काढता तिरपा काढायला लागले, म्हणजे मागे लपलेला माणूस बाजूला दिसतो. वरच्या प्रत्येक मोठ्या दाढेत चौथी वाट शोधल्याशिवाय उठायचं नाही, असा नेम केला. ती पहिल्या वाटेपासून थोडी आत, टाळ्याच्या बाजूला, एका छोट्या कपारीखाली दडून बसते. कपार हळूच खरवडायची, बारीक कानस टेकवायची आणि बोटाला चिकटल्यासारखं वाटायची वाट बघायची. वाटलं की शालन हळूच म्हणे, "भेटले तात्या." हा आमच्या दोघींतला शब्द झाला. खुर्चीतल्या माणसाला वाटायचं आम्ही देवाचं नाव घेतो आहोत.

पण खरे तात्या भेटले की मी चहा सांगायचे आणि विषय बदलायचे. त्यांनी माझ्याकडे यायचं कधी थांबवलं नाही, हे जास्त वाईट. नातेवाईक पाठवायचे, शेजारी पाठवायचे. आणि प्रत्येक जण आल्यावर एकच सांगायचा, "तात्या म्हनलं, डॉक्टरीणबाईंचा हात लई हलका हाय. माझीच दाढ वाईट व्हती, त्यांनी लई केलं." हे ऐकताना माझ्या हातातलं हत्यार जड होई. दाढ गेल्यावर शेजारच्या दाढा कलल्या, मग चावायची बाजू बदलली, मग त्या बाजूच्याही झिजल्या. ऊस सुटला. भाकरीचा पापुद्रा सुटला. एकेक करत सगळे दात हलायला लागले आणि गेले. वयानं कदाचित तसेही गेले असते. पण पहिली वीट मी काढली होती.

दोन वर्षांपूर्वी मी भवानीनगरची खोली सोडली आणि बारामतीचं कामही कमी करणार असं सगळ्यांना सांगितलं. एका सकाळी तात्या बारामतीला आले. रावसाहेबांनी मोटारसायकलवरून आणलं. नव्वदीला टेकलेले, तोंडात कवळी, हातात मळकी कापडी चंची. खुर्चीत बसायला तयार होईनात. टेबलापाशी उभं राहून त्यांनी चंची सोडली आणि माझ्या कोऱ्या कागदावर दात ओतले. पिवळे, झिजलेले, कोणी मुळासकट, कोणी तुटके.

"एकतीस हायत," तात्या म्हणाले. "मोजून घ्या. एक कमी पडतोय, ती तुमी काढल्याली. ती काय आता गावायची न्हाय." मग ते थोडे संकोचले. "तुमच्या त्या बरनीत लोकांचे दात हायत न्हवं? त्यातली कुठली बी एक दाढ द्या. वरची, डावी असली म्हंजे झालं. देव काय फोटो काढून बघतोय व्हय?"

शालन हात पुसता पुसता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलली असती तर मला राग तरी आला असता. 

मी कपाटातून बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "दुसऱ्याची कशाला, तात्या. ही तुमचीच आहे. मी फेकली नव्हती."

मग एका दमात सगळं सांगितलं. खिसा, शाई, आम्ल, तेल. तीन गुलाबी आणि एक निळी. "तुम्ही सांगत होता ते खरं होतं. एक वाट राहिली होती. मी शोधली नाही, आणि तुमच्या मनावर ढकललं. आणि कळल्यावरही सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली."  

तात्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.  मग त्यांचं जाडजूड नख काचेवरून निळ्या रेघेबरोबर खाली सरकत गेलं. "ही नीरा," ते म्हणाले. नख गुलाबी रेघेवर आलं. "ही भीमा." आणि दोन्ही मिळतात तिथे थांबलं. "आन हितं नरसिंहपूर."

मी म्हटलं, "हो."

"म्हंजे माझी दाढ चांगली व्हती."

"चांगली होती, तात्या."

"आन मी समद्या तालुक्याला सांगत हिंडलो, माझीच दाढ वाईट." त्यांचा आवाज चढला. या माणसाला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "चुकलं ते चुकलं. मानूस चुकतोय. माझ्याकडनं एकदा दार उघडं ऱ्हायलं आन एकाची भुईमुगाची पट्टी वाहून गेली. पर मी सकाळी त्याच्या बांधावर जाऊन उभा ऱ्हायलो. शिव्या खाल्ल्या, घरी आलो. तुमी काय केलं? बाटलीत घालून ठिवलं."

 मी खाली मान घालून उभी होते, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी.

तात्या वळले आणि बाटली घेऊन थेट बाहेर, जिथे पेशंट बसले होते तिथे गेले. रावसाहेब "तात्या, तात्या" करत मागे. बाकड्यावर पाच-सहा जण होते. तात्यांनी बाटली उंच धरली आणि चारीवर पाण्याची पाळी पुकारावी तशा आवाजात म्हणाले, "ऐका! ही माझी दाढ हाय. चांगली व्हती! वाटा चार व्हत्या, डॉक्टरीणबाईंनी तीनच धरल्या. दाढंचा काय बी दोष नव्हता!"

 मी दारात उभी होते. मनात म्हटलं, आता बाकडं रिकामं होणार. तेवढ्यात गाल सुजलेली एक बाई गालावरचा हात न काढता म्हणाली, "आमाला बी दाखवा की, तात्या."

मग बाटली हातोहात फिरली. प्रत्येकानं उजेडात धरून पाहिली. निळी कुठली, गुलाबी कुठली, सगळं तात्यांनीच समजावलं, आणि माझ्यापेक्षा नीट समजावलं. "पुढनं बघितलं की एकामागं एक जातंय, दिसत न्हाय. जरा बाजूनं बघायचं." एकानं विचारलं, "मग माझ्यात किती हायत ओ मॅडम?" मी म्हटलं, "आत गेल्याशिवाय कळत नाही." तो म्हणाला, "मग नीट मोजा." कोणीही उठून गेलं नाही.

सगळं शमल्यावर तात्यांनी बाटली माझ्याच टेबलावर आणून ठेवली. मी म्हटलं, "घेऊन जा ना."

"घरी पोरं फोडत्याल. ऱ्हाऊ दे हितंच. तुमी दाखवा लोकांला, म्हंजे दुसऱ्याची ऱ्हानार न्हाय." मग चंचीची दोरी ओढत म्हणाले, "मी गेलो की तेवढी पोचवा."

मी शब्द दिला. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी रावसाहेबांच्या फोनवरून तात्या बोलायचे. तब्येत विचारली तर उत्तर द्यायचे नाहीत. "हाय न्हवं?" एवढंच. "आहे," मी म्हणायचे, आणि फोन बंद. शालन म्हणायची, आता तुमाला तात्यांच्या आधी जाता यायचं न्हाय.

या उन्हाळ्यात रावसाहेबांचा फोन आला, तात्या गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढ तेलातून काढली, स्पिरिटनं धुतली आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळली. शालन न विचारता गाडीत येऊन बसली. "आमच्यात असलं काय करत न्हाईत," ती म्हणाली, "पर शब्द दिल्याला हाय."

नरसिंहपूरच्या घाटावर घरची चार माणसं होती. मी फडकं सोडलं आणि क्षणभर चुकल्यासारखं झालं. हे मला माहीत असायला हवं होतं: तेलाबाहेर राहिलं की ती काच टिकत नाही. दाढ वाटेतच सुकून पुन्हा पांढरी झाली होती. निळी रेघ नाही, गुलाबी नाही. कुणाच्याही दाढेसारखी एक दाढ.

रावसाहेबांनी चंची उघडून धरली. मी ती आत ठेवली. ते दोरी आवळता आवळता थांबले.

"मॅडम, एक इचारू? तात्यांची दाढ खरंच चांगली व्हती, का म्हाताऱ्या मानसाला बरं वाटावं म्हनून तुमी बोललात?"

"चांगली होती," मी म्हणाले. "मीच नीट बघितली नाही."

त्यांनी मान हलवली, पाण्यात दोन पावलं आत गेले आणि चंची सोडली.